नकाशातली रेघ आणि आपली वस्ती



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहास लिहायचा म्हणजे बहुधा सभा-मोर्चांचा इतिहास लिहिला जातो. तो लिहायलाच हवा. पण आपण ज्या जमिनीवर राहतो तिचाही इतिहास असतो आणि तो तलाठ्याच्या दप्तरात, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यात, विकास आराखड्याच्या नकाशात पडून असतो. त्या कागदांची ओळख व्हावी एवढ्यासाठी हा लेख.

आपलं नगर शहर 1490 साली अहमद निजामशहाने सीना नदीकाठी वसवलं. पेठ कुठे, बाग कुठे, हे ठरवण्याची सत्ता त्या काळी राज्यकर्त्याची. गावोगावी आपली वस्ती गावकुसाबाहेर असावी हेही दुसऱ्यांनीच ठरवलं. पुढे 1854 मध्ये नगरपालिका आली, 2003 मध्ये तिची महानगरपालिका झाली, 2024 मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या. पण जागेचा निर्णय कोण घेतो, हा प्रश्न अजून तोच आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. महाडचं चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 ला सत्याग्रह करावा लागला. मग नगरपालिकेने तो ठरावच रद्द केला, आणि डिसेंबरात तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा कोर्टात दाखल झाला. म्हणजे बघा, पाण्याची लढाई शेवटी जागा कोणाची या मुद्द्यावर आली! बाबासाहेबांनी कागदाला कागदाने उत्तर दिलं. 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सत्याग्रह एका दिवसाचा होता, कोर्टाचं काम मात्र 9 वर्षांहून जास्त चाललं. दोन्ही केलं म्हणून तळं मिळालं.

आपल्या जिल्ह्यातही डिसेंबर 1939 मध्ये हरेगावला बाबासाहेबांच्या उपस्थितीत वतनदारांची परिषद भरली. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. म्हणूनच ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. आज शहरं वाढत आहेत आणि कालच्या वतनी जमिनी रस्त्याच्या कडेला येत आहेत. आपल्या आजोबांच्या जमिनीचा गट नंबर घरातल्या किती मुलांना सांगता येईल?

आता आराखड्याकडे येऊ. 1954 च्या मुंबई नगररचना कायद्याने नगरपालिकांवर आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करण्याचं बंधन आलं. त्याच्या जागी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 आला, तो आजही चालतो. त्यानुसार आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग सध्या कुठली जागा कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा होतो. इथेच पहिली चूक घुसू शकते. तुमची 40 घरांची वस्ती त्या नकाशात मोकळी जागा दिसली, तर पुढे तिच्यावरून रस्ता गेला तरी नवल नाही. त्यानंतर कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत महिना-दोन महिन्यांची असते. हरकत देणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. शेवटी सरकार मंजुरी देतं.

एकदा मंजुरी झाली की रडून उपयोग फार थोडा. आणि मंजुरीनंतरही झोपून चालत नाही. शाळेसाठी, बागेसाठी राखलेली जागा 10 वर्षांत घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. पोरांचं मैदान असं गुपचूप जातं.

आम्हा गिरणीतल्या माणसांना याचा सर्वांत मोठा धडा मुंबईत मिळाला. 18 जानेवारी 1982 चा संप सगळ्यांना ठाऊक आहे. पण 1991 च्या विकास नियंत्रण नियमातलं कलम 58 किती कामगारांना ठाऊक होतं? मुंबईतल्या गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. तिचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी ती वाटणी होती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. गिरणी पाडून जी जमीन मोकळी होणार, ती वाटणीतून सुटली. गिरणी म्हणजे तर सगळी शेडच! मग मोकळं असं उरतं किती? हा बदल 7 मार्च 2006 ला सुप्रीम कोर्टानेही कायम ठेवला. एका ‘मोकळी’ या शब्दाने बागा आणि घरं दोन्ही आटली. असे बदल राजपत्रात निघतात आणि राजपत्र चाळीच्या नळावर येत नाही.

त्याच मुंबईत उलटंही घडलं. फेब्रुवारी 2015 मध्ये नवा प्रारूप आराखडा निघाला. लोकांनी नकाशे उघडून चुका शोधल्या. साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायला लावला. 2016 मध्ये सुधारित मसुदा आला, 2018 मध्ये मंजुरी मिळाली. एकही दगड न मारता हे झालं.

नागपूरला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचं काम सुरू झाल्यावर 1 जुलै 2024 ला लोक खवळून उठले आणि त्याच दिवशी कामाला स्थगिती मिळाली. लोकांची ताकद खरीच. पण खड्डा खणल्यावर उठण्यापेक्षा कागद निघाला तेव्हाच उठलो, तर लाठ्या खाण्याची आणि गुन्हे अंगावर घेण्याची पाळी कमी येईल.

यासाठी वकील व्हावं लागत नाही. सातवी शिकलेला माणूसही नकाशा वाचू शकतो. कोपऱ्यातली रंगांची सूची आधी पाहावी. साधारणपणे पिवळा राहण्याचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्याचा, हिरवा बागेचा किंवा शेतीचा. मग आपला सर्व्हे नंबर शोधावा. हरकत साध्या मराठीत लिहावी: नंबर, आरक्षण क्रमांक, अडचण काय आणि पर्याय कोणता. पर्याय सुचवलेल्या अर्जाला जास्त वजन येतं. पोहोच घ्यावी, आवक शिक्का बघावा. सुनावणीला एकट्याने जाऊ नये, बायाबापड्यांसह जावं, कारण पाण्याला, दवाखान्याला आणि शाळेला किती चालावं लागतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

आणि एक जिव्हाळ्याची गोष्ट. गावोगावी पुष्कळ विहारं लोकांच्या वर्गणीतून, मिळेल त्या मोकळ्या जागेवर उभी राहिली आहेत. त्या जागेचा नकाशात रंग कोणता, उताऱ्यावर नाव कोणाचं, हे प्रत्येक विहाराच्या समितीने तपासून त्याच्या नकला एका फाईलीत ठेवाव्यात. आराखड्याची नोटीस निघाली की रविवारच्या वंदनेनंतर ती मोठ्याने वाचून दाखवावी. म्हाताऱ्यांनी हद्दी सांगाव्यात, पोरांनी मोबाईलवर नकाशा काढावा.

आपल्या आजा-पणजाला गावकुसाबाहेर बसवलं तेव्हा हरकत घ्यायला कलम नव्हतं. आज आहे. त्याला मुदतही आहे, आणि ती आपल्यासाठी थांबत नाही.