‘सर्व्हर डाऊन’चं कूळ

मृग तोंडावर आला की कन्नड तालुक्यात मका, कापूस आणि आल्यासाठी पीककर्जाची धावपळ सुरू होते. सातबाऱ्याच्या रांगेत तेव्हा दोन शब्द हमखास कानावर येतात : ‘सर्व्हर डाऊन’. वीज आहे, संगणक चालू आहे, तरी काम ठप्प. कारण उतारा त्या यंत्रात नसतोच. टेबलावर असते ती नुसती खिडकी.

ही खिडकी उघडली ११ सप्टेंबर १९४० रोजी. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिटाइपवर गणित टंकलं. ते तारेवरून न्यूयॉर्कच्या बेल लॅब्जमधल्या यंत्राकडे गेलं आणि उत्तर कागदावर उमटलं. यंत्र अवजड नि महाग. ते हलवण्यापेक्षा तार जोडणं सोपं. त्याच डार्टमथमध्ये १ मे १९६४ रोजी दोन टर्मिनलांवरचे प्रोग्रॅम एका संगणकाने एकाच वेळी चालवले.

भारतातल्या सामान्य माणसाला हे कूळ भेटलं रेल्वेच्या काउंटरवर. १९८६ साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं. १९९९पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. कन्नडला रूळ नाहीत. पण औट्रम घाट उतरून चाळीसगावला गेलेल्या कन्नडकरालाही दूरच्या गाडीतली जागा राखता येऊ लागली.

१९९०च्या दशकात ‘थिन क्लायंट’ हे नाव रुळलं. कळ दाबल्याची खबर सर्व्हरकडे जाते, पडद्यावरचं चित्र तिकडून येतं; हिशेब सगळा तिकडेच. तलाठ्याचा लॅपटॉप नेमका तसा नाही, पण फेरफाराची नोंद करताना तोही या कुळातलाच. पूर्वी गाव नमुना सात आणि बारा तलाठ्याच्या दप्तरात असत; तलाठी भेटला तरच उतारा. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि तो कुठूनही काढता येऊ लागला. ही फार मोठी मोकळीक आहे.

म्हणूनच तारेची काळजी हवी. धरण कितीही भरलेलं असो, पाटाची परीक्षा टेलच्या शेतावर होते. तालुक्याला दुसरी जोडणी हवी, आणि सर्व्हर बंद पडेल तितके दिवस कर्जाची मुदतही वाढायला हवी. तार तुटल्याचा दंड शेतकऱ्याने का भरावा?