एका प्रिंटरसाठी ओढलेली तार

वर्ध्यात घरगुती नेटवर्क आलं ते काटकसरीपोटी. १९९८ नंतरच्या काही वर्षांत रामनगर, बॅचलर रोड आणि सेवाग्रामच्या घरांत मी त्याच्या तारा ओढल्या. ते काम करणारे आता वेगळ्या धंद्यांत गेले, म्हणून हे लिहून ठेवतो.

एकाच यंत्रावर अनेकांनी भागवायचं, ही इथली जुनी सवय. गल्लीत फोन एकाच घरी असे आणि बाकीचे आपल्या कार्डावर त्याचा ‘पी. पी. नंबर’ छापत. संगणकाचंही तसंच झालं. खाली वडिलांचं हिशेबाचं ऑफिस, तिथे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. वर मुलाचा संगणक. दुसरा प्रिंटर परवडत नसे, म्हणून फ्लॉपी घेऊन जिने चढउतार चाले. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हाही अनेक संगणकांना एक लेझर प्रिंटर जोडण्याचा प्रश्न समोर होता.

आम्ही सुरुवात कोॲक्स तारेनं केली. ती १८५ मीटरपर्यंत चाले. प्रत्येक संगणकामागे टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. झाडताना एक जोड सैल झाला की सगळं घर बंद. मग हब आणि प्रत्येक संगणकापासून त्याच्यापर्यंत वेगळी कॅट-फाइव्ह केबल आली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम लावून क्रिम्पिंग करायचं. एक तार तुटली तर आता एकच संगणक बंद पडे. विंडोजमधलं ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडून वरच्या मजल्यावरून खालचा प्रिंटर चालू झाला, की घरातली आजीसुद्धा बघायला येई.

१९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशननं मोडेमही सामाईक केला. मोडेमवाल्या संगणकाला १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळे, बाकीचे आपोआप पत्ता घेत. एका डायल-अपवर दोघं भावंडं बसत; वेग निम्मा होई, बिल मात्र एकच येई. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि पुढे फोनही मोकळा राहू लागला.

विदर्भाच्या हवामानानं आम्हाला दोन नियम शिकवले. जूनचे ढग गडगडले की फोनची तार आधी काढायची, कारण वीज मोडेममधून थेट लॅन कार्डापर्यंत पोचते. दुसरा नियम भारनियमनाचा: संगणकांबरोबर हबही यूपीएसवर हवा, नाहीतर संगणक चालू आणि नेटवर्क मेलेलं.

आज मोडेम, हब आणि पत्ते वाटणारा संगणक या तिघांचं काम एकच राउटर करतो. तरी बहुतेक घरं त्याच्याकडून फक्त इंटरनेट घेतात. फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये अडकलेले, कागदपत्रं कुठे आहेत ते एकालाच ठाऊक. सोय वाढली आणि वाटून घेणं मागे पडलं, हे मला खरं नुकसान वाटतं. घरातल्या एका संगणकावर सामाईक फोल्डर करा. सातबारा, गुणपत्रिका, लग्नाचे फोटो त्यात ठेवा, त्याला पासवर्ड लावा आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. त्यासाठी लागणारं सगळं तुमच्या घरात आधीच आहे.