पोझुओलीचे तीन खांब

इतिहासाची साधने शिकवताना मी वर्गात नाणी, शिलालेख, ताम्रपट अशी यादी फळ्यावर लिहीत असे. शिंपल्यांनी पाडलेली भोके तीत कधीच नव्हती. ती असायला हवी होती, असे आता वाटते.

इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला पोझुओली नावाचे बंदर आहे. तिथे रोमन काळातल्या बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. १७५० साली उत्खननात सेरापिस देवाची मूर्ती सापडली आणि लोकांनी बाजाराचे देऊळ करून टाकले! असो. या खांबांच्या मधल्या पट्ट्यात समुद्री शिंपल्यांनी कोरलेली भोके आहेत. म्हणजे हे खांब जमिनीसकट समुद्रात बुडाले आणि न पडता पुन्हा वर आले. चार्ल्स लायेल यांनी १८३० च्या आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात आरंभीच त्यांचे चित्र छापले.

कारण असे की हे गाव कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या विशाल मुखातच वसले आहे. १५३८ साली तिथली जमीन फुगली, समुद्र मागे हटला आणि काही दिवसांत एक नवा डोंगर उभा राहिला. नावही तेच, मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर.

मार्च १९७० मध्ये जमीन पुन्हा वर येताना दिसली, तेव्हा रिओने तेर्रा ही जुनी वस्ती सक्तीने रिकामी केली गेली. उद्रेक झाला नाही, पण ती माणसे तिथे राहायला परतलीही नाहीत. १९८२ ते ८४ मध्ये जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली. हजारो लोक हलवले, उद्रेक तेव्हाही नाही. त्या वेळी मोजणारे चुकले, असे मला म्हणवत नाही.

१९९१ साली ईआरएस-१ हा युरोपचा रडार उपग्रह गेला. तो त्याच वाटेने पुन्हा आला की परतलेल्या लहरी आधीच्या लहरींशी ताडून पाहतात. लहर सुमारे ५.६ सेंटिमीटरची. जमीन तिच्या निम्म्याने उपग्रहाकडे सरकली की नकाशात रंगांचा एक पट्टा वाढतो. रात्र, ढग आड येत नाहीत. हवेतले बाष्प मात्र फसवते, म्हणून एकावर भिस्त न ठेवता अनेक चित्रे ताडावी लागतात.

२००५ पासून पोझुओली पुन्हा फुगते आहे. किती, ते उपग्रह आणि जमिनीवरची यंत्रे नेमके सांगतात. खाली शिलारस किती आणि तापलेले पाणी-वायू किती, यावर मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला, काही घरे रिकामी करावी लागली. छोट्या बंदराचा तळ इतका वर आला आहे की ओहोटीला कोळ्यांच्या होड्या चिखलात टेकतात.