मानव-यंत्रमानव पथकातील परिस्थितिभानाचे मापन

परिस्थितिभान म्हणजे भोवती काय आहे हे टिपणे, त्याचा अर्थ लावणे आणि लगेच पुढे काय घडेल याचा अंदाज बांधणे. मिका एन्ड्स्ली यांनी १९९५ साली या तीन पातळ्या सविस्तर मांडल्या. वैमानिकांच्या अभ्यासातून रूढ झालेली ही संकल्पना पुढे यंत्रमानवांसह काम करणाऱ्या पथकांनाही लागू करण्यात आली.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. शोधकार्यात यंत्रमानव वापरण्याची पद्धत तेव्हा नव्हती. आपत्तीतील शोधासाठी त्यांचा पहिला ज्ञात वापर २००१ साली न्यूयॉर्क येथे झाला. काँक्रीटच्या इमारती पडल्यावर आत पोकळ्या राहू शकतात. दगडमातीच्या ढिगात त्या फारच थोड्या उरतात. त्यामुळे किल्लारीसारख्या ढिगाऱ्यात यंत्र शिरेल का, हा प्रश्न आधी येतो. ते शिरलेच, तरी बाहेरच्या चालकाला कॅमेऱ्याच्या अरुंद चौकटीपलीकडे काही दिसत नाही. यंत्र कलंडले आहे की वाट संपली आहे, एवढेही कळणे कठीण जाते.

मापनपद्धती

‘सॅगॅट’ या पद्धतीत सराव मध्येच थांबवून पडदे झाकतात व चालकास प्रश्न विचारतात: यंत्र कोठे आहे? कोणत्या दिशेस वळले आहे? उत्तरे वस्तुस्थितीशी ताडून पाहतात. प्रत्यक्ष बचावकार्य असे थांबवता येत नाही, ही तिची मोठी मर्यादा. ‘सार्ट’ पद्धतीत चालक स्वतःच आपल्या जाणिवेला गुण देतो. ती सोपी आहे, परंतु जे निसटले ते निसटल्याचे त्यालाच ठाऊक नसते. म्हणून केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. प्रत्यक्ष कामाच्या वेळी पथकातील संभाषण ध्वनिमुद्रित करून, कोणी कोणास काय विचारले याचे वर्गीकरण करणे अधिक व्यवहार्य ठरते.

पथकाचे भान

ड्रुरी, शॉल्ट्झ आणि यांको यांनी २००३ साली हे भान पाच भागांत विभागले: माणसाला यंत्राचे, माणसाला इतर माणसांचे, यंत्राला माणसाच्या आज्ञांचे, यंत्राला इतर यंत्रांचे आणि माणसाला एकूण कामगिरीचे. एकेका चालकाचे गुण मिळवून पथकाचे भान निघत नाही. ढिगाऱ्याच्या दोन बाजूंना असलेल्या दोघांच्या मनातील नकाशे परस्परांशी जुळतात का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

हेही पाहा: किल्लारी भूकंप, यंत्रमानव, आपत्ती व्यवस्थापन