पुंगळीच्या पोटातली लाट

टू-स्ट्रोक मोटरसायकलची मधे फुगलेली आणि पुढे निमुळती होत गेलेली एक्झॉस्टची पुंगळी वाल्टर काडेन यांनी शोधली, असं सर्रास सांगितलं जातं. काडेन पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउच्या एमझेड कारखान्यातले इंजिनिअर. पण 1950च्या दशकाच्या सुरुवातीलाच पश्चिम जर्मनीच्या एरिख वोल्फ यांनी डीकेडब्ल्यूच्या शर्यतीच्या गाड्यांना अशी पुंगळी लावली होती. व्ही-1 बॉम्बवर काम करताना काडेन यांना ही कल्पना सुचली, ही दंतकथाही टिकत नाही. युद्धकाळात ते हेन्शेलच्या एचएस 293 या अस्त्रावर काम करत होते. तरीही मोठं श्रेय मी काडेन यांनाच देईन. आकार आधीचा असला, तरी त्याचं गणित त्यांनी बसवलं.

टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टचं पोर्ट, म्हणजे धूर बाहेर पडायचं भोक, पिस्टनच उघडतो आणि झाकतो. ते उघडताच दाबाची लाट पुंगळीत धावते. रुंदावत्या भागातून तिचा ओढ घेणारा पडसाद मागे येतो आणि सिलिंडरमधला धूर खेचून काढतो. त्याबरोबर हवा-इंधनाचं थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं. पुढच्या निमुळत्या भागावरून मात्र लाट दाब घेऊन परतते आणि हे मिश्रण पोर्ट झाकायच्या आत परत ढकलते. 10,000 आरपीएमला एक फेरा 6 मिलिसेकंदांत होतो. पोर्ट निम्मा फेरा उघडं धरलं तर हातात 3 उरतात. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर जाते, म्हणजे एवढ्या वेळात जाऊन-येऊन दीड मीटर. म्हणून निमुळता भाग पोर्टपासून पाऊण मीटरच्या आसपास हवा. फेरे घटले की तीच लाट वेळेआधी पोचते, म्हणून अशा गाड्या ठरावीक आरपीएमलाच उसळतात. काडेन यांनी ऑसिलोस्कोपवर या लाटा तपासून मापं ठरवली. 1961मध्ये त्यांचं 125 सीसीचं इंजिन 25 अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरला 200. त्यात फिरत्या चकतीच्या झडपेचाही वाटा होता, हे मान्यच.

कुणी म्हणेल, पुंगळी तर उघड्यावर लटकते. नक्कल करायला गणित कशाला? सुझुकी 1960पासून जागतिक शर्यतींत उतरत होती, एमझेडच्या गाड्या तिच्या डोळ्यांसमोर धावत होत्या, तरी जमत नव्हतं. सप्टेंबर 1961मध्ये एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळून या तंत्राची माहिती घेऊन सुझुकीकडे गेला, आणि 1962मध्ये त्याने तिला 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. बघून जे साधलं नव्हतं, ते आतली मापं कळल्यावर वर्षभरात साधलं.

भारतात 1985मध्ये आलेल्या आरएक्स 100 या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या पुंगळीतही हाच हिशेब आहे. आवाजासाठी ती कापायला देणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: आतल्या भागांची लांबी बदलली, की आवाज वाढेल, पण पिकअप पडेल.