मावळच्या वृक्षांचे कारभारी

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरून ज्याने दृष्टी वर उचलली असेल, त्याला पाषाणाच्या त्या कमानदार छताला आतून लावलेल्या सागवानी फासळ्यांची रांग दिसली असेल. आणि हे लाकूड लेणे कोरले गेले त्या काळचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे, हे कळल्यावर मावळचा इतिहास गडकोटांपासून सुरू करण्याची आपली सवय त्याला थोडी उतावळेपणाची वाटली असेल. ह्याच लेण्यातील शिलालेखांत ‘मामल’ ह्या नावाने मावळचा आणि तेथील अमात्याचा उल्लेख येतो. मुलूख, त्यावरचा अंमलदार आणि रानातून आलेले लाकूड ही तिन्ही अशी एकाच छताखाली भेटतात. त्या अमात्यापासून आजच्या नगरपरिषदेतील वृक्ष अधिकाऱ्यापर्यंत मावळच्या झाडांचा कारभार कोणी, कोणाच्या वतीने आणि कोणत्या हक्काने पाहिला, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. आणि लोणावळा, खंडाळा, तळेगाव येथे नागरिकांच्या समित्या वृक्षरक्षणासाठी आज ज्या खटपटी करतात, त्यांचे मोल तर ह्या प्रश्नावाचून ठरवताच येत नाही.

पहिला कारभारी देव. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांत वाघजाई, काळूबाई, भैरवनाथ अशा दैवतांच्या नावाने राखलेल्या राया होत्या, काही अजून आहेत. तेथे कुऱ्हाड चालवणे दूरच, वाळून पडलेली फांदीही सरपणासाठी घरी नेऊ नये असा दंडक असे, आणि देवळाच्या दुरुस्तीला एखादी तुळई हवी झाली तरी गुरवाने देवाला कौल लावून अनुज्ञा घेतल्याखेरीज पंचांना झाडाला हात लावता येत नसे. ह्या व्यवस्थेला केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणारे सुशिक्षित आणि तिला प्राचीन पर्यावरणशास्त्र म्हणून डोक्यावर घेणारे अतिसुशिक्षित, हे दोघेही एक गोष्ट विसरतात: देवाच्या नावाने निर्णय घेणारे पंच त्याच गावचे असत, त्या राईतून पाझरणारे पाणी त्यांच्याच खाचरांत उतरत असे, आणि निर्णय चुकला तर त्याचे फळ त्यांच्याच पदरात पडत असे. उपयोगाला तेथे सर्वस्वी मज्जाव होता असेही नाही. पवन मावळातील आजिवलीची राई भेर्ली माडांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या माडांची माडी काढण्याचा व्यवहार गावाने राईचे रक्षण सांभाळूनच चालवलेला आहे. झाड उभे ठेवून त्याचे उत्पन्न खाण्याची ही रीत पुढे वनशास्त्रज्ञांनी मोठमोठ्या ग्रंथांत मांडली.

दुसरा कारभारी दिवाण. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडासंबंधी जी आज्ञा आहे, ती आज पुष्कळदा शिवछत्रपतींच्या नावाने भिंतींवर रंगवलेली आढळते. रयतेने आंबा-फणसासारखी झाडे लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती दीर्घकाळाने हाती येतात, ती बळजबरीने तोडली तर रयतेच्या दुःखाला पार राहत नाही, आणि असे दुःख देऊन साधलेले कार्य टिकत नाही, असा तिचा भावार्थ. येथे अमात्यांनी वृक्षाचा कैवार घेतला तो वृक्षासाठी नव्हे, रयतेसाठी घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुने झाड नाइलाजाने घ्यावेच लागले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, एवढी सूक्ष्म तजवीज त्यांनी करून ठेवली आहे. राज्यकारभारातील माणसाने लिहिलेले हे कलम आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत अधिक.

पुढे कंपनी सरकार आले आणि कारभार खात्याकडे गेला. दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांना १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमण्यात आले; डोंगर उघडे पडले की झरे आटतात, अशी तक्रार हा गृहस्थ आपल्या अहवालांतून करीत असे. परंतु त्याच सुमारास घाटावर दुसरीच निकड येऊन ठेपली होती. १८५६ साली बोरघाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. ऐन भरात, १८६१ साली, त्या कामावर बेचाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते, आणि बोगदे, पूल व तळ ह्यांना लागणाऱ्या लाकडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी एवढ्या माणसांच्या चुलींचे सरपण आजूबाजूच्या उतारांवरूनच येणार, हे सांगायला दप्तर उघडण्याची गरज नाही. मार्ग सुरू झाल्यावर मुंबई आणि पुणे ही दोन भुकेली शहरे मावळच्या रानाच्या दाराशीच येऊन बसली.

आता १८७८ सालाकडे येऊ. कारण माझ्या मते मावळच्या वृक्षांचा इतिहास ह्या एका वर्षाभोवती फिरतो. त्या वर्षीच्या जंगल कायद्याने वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग पाडले. पैकी पहिल्यात रयतेचे हक्क जवळजवळ पुसले गेले, दुसऱ्यात ते सरकारच्या मेहेरबानीवर उरले, आणि तिसरा वर्ग बहुतांशी कायद्याच्या पुस्तकातच राहिला. मावळच्या शेतकऱ्यावर ह्याचा आघात कसा झाला, हे कळण्यासाठी त्याचे भात कसे होते ते ठाऊक असले पाहिजे. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटून, त्यांवर शेण, पालापाचोळा आणि माती पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस तो राब भाजतो आणि त्या राखेच्या वाफ्यात रोपे तयार करतो. म्हणजे फांदी तोडण्याची वहिवाट बंद झाली की त्याचे भातच बंद झाले. घाटाखाली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ह्या राबावरून असंतोष इतका पेटला की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी खास कमिशन बसवावे लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथातही गावोगावची गायराने, पडजमिनी आणि डोंगर जंगलखात्याने घशात घातल्याची जळजळीत तक्रार आहे.

परंतु कायदा होत असतानाच त्याविरुद्ध लेखणी उचलणारी संस्था पुण्यातच होती. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने मार्च १८७८ मध्ये सरकारकडे जो अर्ज धाडला, त्यात गावांचे आणि खासगी मालकांचे पिढीजाद हक्क एका फटक्यात रद्द करण्यास हरकत घेतली होती, आणि एवढ्यावरच न थांबता दुसरा मार्गही दाखवला होता: खेडुतांना रानातून हुसकावून लावण्याऐवजी त्यांना सरकारने विश्वासात घ्यावे, जी गावे आपल्या वाट्याचे रान राखतील किंवा नवी लागवड करतील त्यांना बक्षीस द्यावे, त्यांची वाखाणणी करावी, म्हणजे शेजारशेजारच्या गावांत चढाओढ लागून जंगल आपोआप वाढेल. सरकारने अर्ज दप्तरी दाखल केला. त्यातील सूचना पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तशीच पडून होती. केंद्र सरकारने १९९० साली आणि महाराष्ट्र शासनाने १९९२ साली वनरक्षणात गावकऱ्यांच्या समित्यांना भागीदार करण्याचे ठराव केले, आणि २००६-०७ मध्ये रान राखणाऱ्या गावांना बक्षीस देणारी संत तुकाराम वनग्राम योजना आली, तेव्हा सभेच्या त्या अर्जाचा निकाल लागला असे म्हणावयास हरकत नाही. अर्जदारांपैकी तेव्हा कोणीच हयात नव्हते, हे सरकारी कामाच्या रिवाजाला धरूनच झाले.

सार्वजनिक सभेची आणखी एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवतो. तिचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याला निदान पन्नास लोकांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो, हे अगोदर ठरलेले असे.

लोणावळ्याची नगरपालिका १८७७ ची, म्हणजे जंगल कायद्यापेक्षा एका वर्षाने वडील. रेल्वेमुळे वसलेल्या ह्या गावात साहेबलोक, पारशी शेटजी आणि मुंबईचे सावकार ह्यांनी बंगले बांधले, बंगल्यांभोवती आवडीची परदेशी झाडे लावली, आणि हवा खाण्याचे ठिकाण म्हणून गावाची कीर्ती झाली. १९११ साली टाटांच्या जलविद्युत योजनेचा पाया येथे घातला गेला. लोणावळा, वलवण आणि शिरोता ह्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पाठोपाठ आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडीचे धरण झाले आणि शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. त्या सत्याग्रहाची हकीकत सर्वश्रुत असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही. पाण्याखाली गेलेल्या खोऱ्यांत भाताच्या खाचरांबरोबर बांधावरचे आंबेही बुडाले, एवढेच ह्या विषयापुरते सांगणे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुन्शी ह्यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि रोप लावणे हा एक समारंभ झाला. समारंभाला माझी हरकत नाही. परंतु त्या दिवसापासून लावलेले झाड मोजले जाऊ लागले आणि जगलेले झाड मोजायचे राहून गेले. खरे काम त्याच काळात कोणताही गाजावाजा न करता दोन अभ्यासकांनी केले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि तरुण परिस्थितिशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांनी एकोणीसशे सत्तरच्या दशकात सह्याद्रीतील देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९८१ साली महाराष्ट्रातील २३३ देवरायांची यादी प्रसिद्ध केली. त्यांचे काम ऐकून श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीपासून वाचवण्यासाठी त्यांच्याकडे धाव घेतली आणि ती राई वाचली. शास्त्रज्ञाला गावाने साक्षीदार म्हणून बोलवावे, असा प्रसंग आपल्याकडे विरळा.

शहरी भागासाठी १९७५ साली महाराष्ट्र विधिमंडळाने वृक्ष संरक्षण व जतनाचा अधिनियम केला, आणि आजच्या नागरिक समित्यांच्या हातातील मुख्य शस्त्र तेच आहे. त्यानुसार नगरपरिषदेला वृक्ष प्राधिकरण नेमावे लागते, परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते, आणि वृक्षलागवडीचे ज्ञान वा अनुभव असलेल्या बिगरसरकारी संस्थांच्या प्रतिनिधींनाही प्राधिकरणात घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी रोपे लावण्याचे बंधन आले. ही शेवटची तरतूद कागदावर न्यायाची दिसते. पण साठ वर्षांच्या जांभळाच्या बदल्यात गुलमोहराची साठ रोपे दुसऱ्याच गावच्या माळावर लावली, तर हिशेब जुळतो आणि ज्या वाटसरूच्या डोक्यावरची सावली गेली तो उन्हातच राहतो.

ह्या मुलखात रोप जगवणे किती बिकट आहे, ते बाहेरच्याला समजत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून झाडाला पाणी घालण्याची गोष्ट ऐकून पाहुणा हसतो. परंतु हे सारे पाणी चार महिन्यांत कातळावरून वाहून जाते, आणि दसऱ्यानंतर मृगापर्यंत सात-आठ महिने जमीन कोरडी राहते. फाल्गुनात गवत वाळले की वणवा चढतो, आणि वणव्यातून वाचलेल्यावर गुरांचे तोंड असतेच. म्हणून ज्या समित्या वैशाखात खड्डे खणून तापत ठेवतात, पहिल्या सरींना ऐन, हिरडा, जांभूळ, बेहडा अशी येथलीच रोपे लावतात, माघात जाळरेषा काढतात आणि निदान दोन उन्हाळे आळ्यांत पाणी घालतात, त्यांचीच झाडे उभी राहतात; लवकर फोफावतात म्हणून ग्लिरिसिडिया आणि निलगिरीच्या मागे लागणाऱ्यांना छायाचित्रे मिळतात. शनिवार-रविवारी गडांच्या वाटांवरचा आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवरचा कचरा वेचणाऱ्या तरुणांचे श्रम मला ह्याच मापाने मोठे वाटतात, कारण तेही पुन्हापुन्हा करावे लागणारे, कोणी न पाहिलेले काम आहे.

तथापि एक वैगुण्य सांगितलेच पाहिजे. लोणावळ्याच्या समित्यांतील पुष्कळ मंडळी बंगल्यांची मालक, निवृत्त अधिकारी, मुंबई-पुण्याशी संबंध असलेली सुखवस्तू माणसे आहेत. त्यांचा हेतू निर्मळ आहे, त्यांना कायद्याची भाषा येते, आणि अर्ज कोठे द्यावा हे ठाऊक आहे. परंतु डोंगरात राहणारा ठाकर किंवा कातकरी, मोळी आणणारी बाई, राब भाजणारा शेतकरी त्यांच्या बैठकीत क्वचितच बसलेला दिसतो, आणि वणव्याचा पहिला संशय मात्र त्याच्यावरच घेतला जातो. देवराईच्या पंचांना गावाचे मुखत्यारपत्र न लिहिता मिळालेले होते आणि सार्वजनिक सभेने ते लिहून घेतले होते. ज्या समितीजवळ ह्यांपैकी काहीच नाही, ती कितीही सज्जन असली तरी १८७८ च्या जंगलखात्याची धाकटी बहीण ठरण्याचा धोका आहे, हे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा लोणावळा-खंडाळ्यात ज्यांचे घर आहे, अशा वाचकांना दोनच विनंत्या. नगरपरिषदेत जाऊन मागील वृक्षगणनेची नोंद पाहावयास मागावी आणि आपल्या रस्त्यावरची झाडे तीत आहेत की नाहीत ते ताडून पाहावे. आणि समितीची पुढची बैठक बंगल्याच्या ओसरीवर न भरवता एखाद्या ठाकरवाडीत भरवावी.