सालई : एका धूपाची नावे

झाशीच्या ईशान्येस समथर हे गुर्जर राजांचे लहानसे संस्थान होते. १८१७ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला. तेथील भूमी बहुतांशी सपाट आहे. सालईचा वृक्ष मात्र खडकाळ उतार मागतो. बुंदेलखंडाच्या टेकड्या आणि पश्चिमेस, एकेकाळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यात असलेले श्योपूरचे जंगल हे त्याचे घर.

श्योपूरकडील सहरिया लोक खोडाची साल तासून डिंक काढतात. तो बांबूच्या टोपल्यांत निथळत ठेवला की पातळ रस खाली झरतो आणि वर घट्ट, सुगंधी गोळा उरतो. हा गोळा देवघरात जळतो, सांधेदुखीच्या लेपात जातो. आयुर्वेदात वृक्षाचे नाव शल्लकी. हत्तींना त्याचा पाला आवडतो म्हणून गजभक्ष्या.

बाजारात मात्र या डिंकाला स्वतःचे नाव क्वचितच लाभले. कोणी त्याला सालई गुग्गुळ म्हणे, कोणी कुंदुरू, कोणी लोबान. लोबान हे मुळात अरबस्तानच्या धूपाचे नाव. पुढे ते जावाकडून येणाऱ्या निराळ्याच राळेला चिकटले. कोलब्रुक यांनी १८०७ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये संस्कृत ‘कुंदुरु’ आणि अरबी ‘कुंदुर’ यांचे साम्य दाखवून प्राचीन पाश्चात्त्य धूप सालईचाच असल्याचे मांडले. युक्तिवाद मोहक होता. पण शब्दसाम्य ही व्यापाराची खूण, वनस्पतीची नव्हे. १८७० मध्ये बर्डवुड यांनी सोमाली किनारा व दक्षिण अरबस्तान येथील वृक्ष वेगळे ठरवले. हे गृहस्थ बेळगावात जन्मलेले, मुंबईत वावरलेले. त्यांच्या नावात ‘मोल्सवर्थ’ही होते, हे मराठी कोश चाळणाऱ्यास गंमतीचे वाटेल.

अरबी धूपाचे मोठेपण गेले, तशी सालई केवळ कच्चा माल ठरली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत पिअर्सन आणि रसायनज्ञ पूरण सिंग (पंजाबीतील थोर कवी तेच) यांनी तिच्यातील टर्पेंटाइन व राळ यांचा व्यापारी उपयोग तपासला. त्यासाठी झाड उभे असणे आवश्यक होते. बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला १९५५ मध्ये वृत्तपत्री कागद निघू लागला, तेव्हा बांबूबरोबर सालईच्या लाकडाचाही लगदा झाला. तेथे डिंकाची गरजच नव्हती.